सव्वा रतलाचा पिंट

किलकॉरन, रॉसकॉमन परगणा
२ सप्टेंबर

प्रिय गोरेटीस नोरीनताईचे अनेक आशीर्वाद.

अकरा वर्षांत नाताळच्या कार्डावर नुसती सही करण्यापलीकडे तुला काही लिहिलं नाही, त्यामुळे 'पत्र लिहिण्यास कारण की' म्हणताना हात जरा अडखळतो आहे. तुझे गुडघे कसे आहेत? बॉस्टनच्या बर्फात सांभाळून चालत जा. (सप्टेंबरात बर्फ नसतो हे मला माहीत आहे, पण माझ्या मनातलं बॉस्टन तू एकोणिसाव्या वर्षी तिथे उतरलीस त्या फेब्रुवारीतलंच आहे.) मी ठीक. आईही ठीक, म्हणजे वृद्धाश्रमातल्या नर्सबाई म्हणतात तेवढी. माणसं विसरते, प्रार्थना विसरत नाही. मला कधी नोरीन म्हणते, कधी 'पोस्टातल्या बाई'. या महिन्याच्या एकोणतीसला तिला एक्क्याण्णव पूर्ण होतील. वाढदिवसाला काय खावंसं वाटतंय असं विचारलं, तर म्हणाली, "तो कडक पाव."

मी म्हटलं, "अगं आई, आपल्या घरचा पाव कधी कडक होता?"

"एकदा होता. माझ्या मुलीनं केला होता."

कुठला ते तुझ्या लक्षात आलं असेल. आईचा ऐंशीवा वाढदिवस. तू तुझा प्लास्टिकचा मापाचा प्याला घेऊन आली होतीस. आईच्या वहीतलं 'एक पिंट ताक' त्यानं मोजलंस, आणि ओव्हनमधून जे बाहेर आलं त्यात बिचाऱ्या फादर कॉन्लनची कवळी रुतून बसली. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अमेरिकेत जाऊन पिंटसुद्धा विसरलीस?" तू म्हणालीस, "पिंट तेवढा रतल, ताई! साऱ्या जगात!" मी म्हटलं, "पिंटभर पाणी, सव्वा रतल जाणी!" (पाण्याचं हे वजन शाळेत सिस्टर बेनिग्नसनं पट्टीच्या धाकानं घोकून घेतलं होतं, तुझ्याकडूनसुद्धा.) त्यावर तू म्हणालीस, "तुझं जग गावच्या त्या पुलाशीच संपतं." ते खरं होतं, म्हणून फार लागलं. आई मात्र एका कोपऱ्यात बसून त्या विटेचे दोन तुकडे लोणी लावून खात होती. कुणी तिच्याकडे पाहिलंच नाही.

तर आता मला तो पाव मुद्दाम बिघडवायचा होता, आणि जन्मभर नीट केलेली गोष्ट बिघडवणं किती कठीण असतं ते कळलं. नातीनं फोनवर पाहून सांगितलं, पिंट म्हणजे दोन कप, कप म्हणजे अडीचशे मिलिलिटर. (आपल्याकडे रस्ता किलोमीटरनं, दूध लिटरनं, आणि काळी बीअर तेवढी पिंटनं. सरकारचं धाडस पबच्या दारापर्यंतच.) पाचशे घालून केलेला पाव आईनं चाखला आणि परत दिला, "मऊ आहे." मग चारशेवर आले. तो शेजारच्या डेक्लनच्या कुत्र्याला घातला. त्यानं तो बागेत पुरला, आणि तेव्हापासून माझ्याकडे बघत नाही.

शेवटी पुलापलीकडच्या दुकानातून (हो, पूल ओलांडून) काचेचा नवा मापाचा जग आणला. दुकानदार म्हणाला, "बाई, हा तिन्ही भाषा बोलतो." एका अंगाला मिलिलिटर, दुसऱ्या अंगाला आपलं माप, आणि तिसऱ्या अंगाला बारीक लाल अक्षरात अमेरिकेचं. आपला पिंट पाचशे अडुसष्टवर. तुमचा चारशे त्र्याहत्तरवर. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग तुमचं पिंटभर पाणी तराजूत घातलं. (आपण सिस्टर बेनिग्नसच्या मुली. काचेवर छापलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवायचा नाही.) एक रतल, वर केसभर जास्त. मग आपलं घातलं. सव्वा.

गोरेटी, त्या दिवशी तुझंही बरोबर होतं. मधे होतं पंचाण्णव मिलिलिटर ताक. अर्धा पेलासुद्धा नाही.

काल चारशे त्र्याहत्तरचा पाव केला. हुबेहूब जमला, सुरी वाकली. लोणी लावून आईपुढे धरला. तिनं डोळे मिटून बराच वेळ चघळला. मी विचारलं, "हाच ना?"

"पाव हाच," ती म्हणाली. "पण तेव्हा बरोबर आरडाओरडा होता."

तर पत्र लिहिण्यास कारण की, त्या पिठात तू आणखी काही घातलं होतंस का, आणि सोडा सपाट चमचा घेतलास की शिगोशीग, ते कृपा करून कळव. तुझ्या मुलांना आशीर्वाद.

तुझी ताई,
नोरीन

ता. क. सोड्याचं राहू दे. तुझी खोली झाडून ठेवली आहे. खिडकी अजून अडकते, खालून गुडघ्यानं ढकलावी लागते. (तुझे गुडघे दुखत असतील तर मी ढकलेन.) एकोणतीसच्या आधी ये. तो प्याला आण.

ता. क. दुसरा. शांतपणे विचार करता, वही आईची होती, म्हणजे पिंटही आपलाच धरायला हवा होता. तेव्हा चूक तुझीच. आलीस की तोंडावर सांगेन, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.