पाळीवरचं हळदीकुंकू

चिचटोला (साकोली)
२० जानेवारी २००५

ती. कौशल्याताईस,
करुणाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी साखर पुन्हा वाढली हे तुझ्या भूषणकडून कळलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय ना? मग दिवसभर हातमागावर काय बसतेस?

आमच्या ग्रामपंचायतीने दवंडी दिली होती, बायांनी सकाळी तलावाच्या पाळीवर, बांधावरून, फिरावं. एकही फिरकली नाही. काम नसता बाई रस्त्याने निघाली की जो तो विचारतो, कुठं चालली, कायले चालली. मग मी सदस्य म्हणून सभेत सुचवलं, यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू पाळीच्या पलीकडच्या टोकाला ठेवू. चालत येईल तिला वाण. दुसऱ्याच दिवशी पाळीवर पाय ठेवायला जागा नाही! पंचायत समितीच्या साहेबांनी भरसभेत माझं नाव घेतलं. तुमच्या सरपंचबाई बघून गेल्यात, तुमच्याकडेही सुरू करणार आहेत. आता तुझी सबब ऐकणार नाही.

मुलांना आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.
तुझी करुणा

खैरटोला (मोहाडी)
६ फेब्रुवारी २००५

सौ. करुणास अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू. लहानपणापासून सुचायचं ते तुलाच, आणि कौतुकही तुझंच. इथे सरपंचबाई उठता-बसता तुझं नाव घेतात.

तरी गेले. धुतलेलं लुगडं नेसले, नव्या चपला घातल्या. साऱ्यांच्या पुढे होते मी. टोकाला देवकाबाई कुंकवाची कोयरी घेऊन उभी होती. तिचा हात माझ्यासमोर आला आणि तिथेच थांबला. बिचारीने मान खाली घातली. वाईट कोणी बोललं नाही. सगळ्यांचं होईस्तोवर मी बाभळीखाली उभी राहिले आणि मागून घरी आले.

तुझ्या भाऊजींना जाऊन अजून तीन वर्षं झाली नाहीत. तेरवीपर्यंत तू माझ्याजवळ बसून होतीस. तरी हळदीकुंकू ठरवताना मी तुला आठवले नाही. करुणा, मला तुझा हेवा वाटतो. सदस्यपणाचा नाही. हे तुला विसरता येतं, त्याचा.

मी आता चालत नाही. साखर वाढली तर वाढू दे.

आशीर्वाद आहेतच.
कौशल्या

चिचटोला
१७ फेब्रुवारी २००५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काय लिहू? माझ्या स्वतःच्या सासूबाई महिनाभर ओसरीवर बसून आम्हाला जाताना पाहत होत्या, तेही तुझं पत्र आल्यावर दिसलं. सभेत म्हटलं, कुंकू बंद करा, तिळगूळ सगळ्यांना द्या. सगळे हसले. रथसप्तमीला वाण संपलं, आणि आज पाळीवर नुसती गुरं आहेत.

राग माझ्यावर काढ, पायांवर काढू नको. एवढं ऐक.
तुझी करुणा

खैरटोला
३ एप्रिल २००५

सौ. करुणास अनेक आशीर्वाद वि. वि.

राग तुझ्यावरच होता, म्हणून एका संध्याकाळी तणतणत एकटीच पाळीवर निघाले. शेजारच्या शकुनबाईने, तीही माझ्यासारखीच, दारातून विचारलं, कुठं जाऊन राहिली? म्हटलं, कुठंच नाही, चालून राहिली. ती म्हणाली, थांब, मी पण येतो. मग तिच्या मागे आणखी बाया आल्या. आता तर लेकुरवाळ्या सवाष्णीही संध्याकाळीच येतात. म्हणतात, सकाळी चूल सोडून कोण निघते, आणि तुमच्यात गप्पा चांगल्या रंगतात. साखर उतरली आहे.

ग्रामपंचायतीने पाळीवर दिवे लावून दिले. उद्घाटनाला तुला बोलवायचं सरपंचबाईंच्या मनात होतं. मी आडवी आले. म्हटलं, तिला नाही बोलवायचं. तेवढा हेवा माझा मला ठेवू दे, करुणा.

उद्घाटनाच्या संध्याकाळी सगळ्या पाळीवर जमलो. मग सरपंचबाईंनी नारळ माझ्या हातात दिला. सगळ्या सवाष्णींसमोर मी फोडला.

सासूबाईंना घेऊन ये. लोभ आहे, रागासकट आहे.
तुझी ताई