शिंप्याच्या रिपोर्टचं काय झालं?

२ फेब्रुवारी, सोमवार
साहेब म्हणाले, महिनाअखेर दोनशे तपासण्या झाल्या नाहीत तर दवाखान्यातली साखर-तपासणीची खोली बंद. तिथल्या सुईवाल्या बाईंची लांब बदली होणार. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बाई म्हणाल्या, भाऊ, आता सगळं तुमच्या पोस्टरवर. पोस्टर-विभागात मी एकटाच, म्हणजे प्रमुखही मीच. निश्चय: यापुढे उपदेश बंद. लोकांना गोष्ट हवी असते.

५ फेब्रुवारी
सुचली. पाच चित्रं. गोडघाशा शिंपी. तहान, थकवा, न भरणारी जखम. बायको तपासायला सांगते, हा टाळतो. शेवटी हातात बंद पाकीट. खाली ओळ: रिपोर्टमध्ये काय निघालं? आत या.
घरी दाखवलं. बायको म्हणाली, अहो, हा तर हुबेहूब तुम्ही. तुम्ही कधी तपासताय? तिला कलेत गती नाही.

९ फेब्रुवारी
पोस्टर लागलं. दुपारपर्यंत एकोणसाठ माणसं आत. दोनशे म्हणजे किरकोळ.

१० फेब्रुवारी
बाईंचा निरोप: एकोणसाठही जण शिंप्याचं काय झालं ते विचारून गेले. बोट एकानेही पुढे केलं नाही. एका आजींनी शिंप्यासाठी मलम ठेवलंय. बाईंनी वैतागून एकाला शेवट सांगून टाकला: साखर निघाली. आता गावभर झाला. बाईंना सस्पेन्स कळत नाही.

१७ फेब्रुवारी
भाग दुसरा लावला. शिंपी गोळ्या घेतो, ठणठणीत होतो. लोक खूश. म्हणतात, चला, सुटला बिचारा. आणि घरी जातात.

२४ फेब्रुवारी
एकूण तपासण्या अकरा. पैकी सहा बाईंचे नातेवाईक. बाई म्हणाल्या, भाऊ, निदान तुम्ही तरी बोट द्या, बारा होतील. लेखकाने पात्रापासून अंतर राखावं, असं समजावलं. त्या सुया मोजत राहिल्या. मी पुढच्या आठवड्यात बोट नक्की देणार.

२८ फेब्रुवारी
खोली बंद. बाई जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. दगदग असते बदलीची.
साहेबांनी दारासाठी कागद मागितला: ‘ही खोली बंद आहे.’ म्हटलं, दोन चित्रं टाकतो. नको म्हणाले.

२ मार्च, सकाळी ९
कागद लावून लांब उभा राहिलो. एक माणूस उपाशीपोटी, खरोखर तपासणीला आला होता. त्याने वाचलं आणि निमूट परत गेला. मागून आलेल्या दोघी बायकाही.
बावीस वर्षांत लोकांनी जसंच्या तसं ऐकलेलं माझं हे पहिलं पोस्टर.