शिवणाची खोली, मोठी कैची आणि माझं स्टूल

मी, या घराची मालकीण, धंदा शिवणकाम, शिक्षण तिसरीपर्यंत, हे मृत्युपत्र कोणाच्या भरीस न पडता वकीलबाईंकडून लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे. छातीचं डॉक्टरांना विचारा.

१. राहतं घर माझ्या पश्चात मुलाचं. समोरची शिवणाची खोली मात्र नातीची. ती भाड्याने द्यायचा मुलाचा बेत मला ठाऊक आहे; भाडेकरू येऊन कपाट कुठे लावायचं तेही ठरवून गेला. ते होणे नाही.

कारणही लिहिते. नातीच्या भूमितीत प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण द्यावं लागतं, नाहीतर ती ओळ धरत नाहीत. गेल्या साली गणिताच्या स्पर्धेत पोरीचं बक्षीस तेवढ्यानेच गेलं. आकृती इतकी देखणी काढली, की पुढे लिहून बसली, ‘आकृतीत दिसतेच’. तेव्हापासून ती माझ्या कापायच्या टेबलावर, माझ्याच खडूने त्रिकोण मांडते आणि मला सिद्धता समजावते. मी काजं करता करता दर ओळीला विचारते, कशावरून? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. परवा तिने वरून लंब टाकला. त्याला पायही असतो म्हणे, लंबपाद. या वयात कळलं. तो तळाच्या बाजूवरच पडतो म्हणाली. मी आपली सवयीने, कशावरून? तिने खडू उचलला. मग त्रिकोण एका अंगाला कलता काढून पाहिला, तर पाय बाजूच्या बाहेर. सगळं पुसून पुन्हा मांडलं आणि आनंदाने माझेच गाल ओढले. मला अजून हसू येतं.

२. शिलाई मशीन सुनेला. तिची टीप माझ्याहून सरळ येते. तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथे.

३. मोठी कैची थोरल्या जाऊबाईंना. कापडाच्या कैचीने त्यांनी कागद कापला, धार गेली ती गेली, आणि आजवर कबूल नाही. आता न्या म्हणावं, हवा तेवढा कागद कापा.

४. राहिलं माझं स्टूल. ते मुलाला. यंदाची स्पर्धा दोन महिन्यांवर आली आणि मी तोवर पुरेन असं डॉक्टर काही ठामपणे म्हणत नाहीत. मी नसले तर मुलाने कामावरून आल्यावर स्टुलावर बसून नातीला दर ओळीला विचारत जावं. समजलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पण पटल्याशिवाय मान हलवायची नाही. लेकीचे लाड करायला बाकीचा दिवस आहे.

हे कलम वाचून दाखवलं तेव्हा मुलगा दारात उभा होता. भाडेकरूचं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आई, माझं गणित तुला माहीत आहे. मला हे जमेल कशावरून?"

वकीलबाई, लिहा: जमेल. आणि पुढे कंसात कारण लिहा: आत्ताच विचारलं.

ठिकाण: शिवणाची खोली
तारीख: शिक्क्याखाली घातली आहे
सही: (माझीच, जरा वाकडी)

साक्षीदार, माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही करून:
१. शेजारच्या निवृत्त नर्सबाई
२. कोपऱ्यावरचे बटणवाले