भुरीची भीती मोडली

९ मार्च
शुक्रवार पेठेतली खोली अखेर मिळाली. मी शिकवते ती शाळा चालत जाण्याइतकी जवळ, समोर मोकळी गच्ची, आणि खाली घरमालकीण काशम्मा. त्यांनी पहिल्याच दिवशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी वर पाठवली. करकंबहून आणलेलं सामान लावून झालं. मागच्या अंगणात यंत्रमागांची बंद शेड आहे. तिथे एक रानटी मांजरी व्यायली आहे. दोन पिल्लं दिसली. माणूस दिसला की फिसकारतात आणि फळ्यांमागे पळतात. मला हसूच आलं. ही दोघं माझी होणार.

१३ मार्च
मांजरी बाहेर गेल्यावर पिल्लं टॉवेलात गुंडाळून वर आणली. करडी ती भुरी, दुसरी ठिपकी. न्हाणीत खोकं, पाणी, वाळूचं घमेलं ठेवलं. काशम्मा म्हणाल्या, "सोड त्यांना. भ्यालं तरच जगतंय की ते." मी म्हटलं, घरात राहतील, भ्यायचं कशाला? संध्याकाळभर मांजरी शेडमध्ये हाका मारत होती. मी दार लावून मोबाइलवर गाणी लावली.

२४ मार्च
शाळेतून आले की पिल्लांकडे पाठ करून जमिनीवर बसते. बोटांत उकडलेल्या चिकनचा तुकडा. आधी नखं बसली, मग जीभ लागली. आज भुरी मांडीत झोपली, घुरघुरत. तो आवाज थेट पोटात जाणवतो. मांजरी हाका मारायची थांबली. कुठे गेली, कुणाला माहीत नाही. मी शोधलंही नाही.

२ एप्रिल
कुत्र्याची भीतीही मोडायचं ठरवलं. समोर इस्त्रीवाले भीमाशंकरमामा आहेत. त्यांचा म्हातारा कुत्रा कुणाला काही करत नाही. दोघींना घेऊन रोज त्याच्याजवळ बसते. आज भुरी आपणहून मांडीवरून उतरली, शेपूट उभारून गेली आणि त्याच्या नाकाला नाक लावलं. मामा कौतुकाने हसले. मी व्हिडिओ काढून घरी पाठवला.

८ एप्रिल
दार मी नुसतं लोटलं होतं. कडी लावली नव्हती. बोळात भटकी कुत्री होती. मामा सांगत होते, भुरी पळाली नाही. शेपूट उभारून त्यांच्याकडे चालत गेली. मामा इस्त्री टाकून धावले, तोवर —
शेडमागे पुरली. पोट माझ्या ओढणीने बांधावं लागलं. काशम्मांनी वरची माती सारखी केली आणि आत गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ एप्रिल
दुपारी लाइट गेली. पंखा थांबला तेव्हा घुरघुर ऐकू आली. ठिपकी तर कोपऱ्यात खात होती. आवाज माझ्या मांडीतून येत होता. खाली पाहिलं नाही. वजन होतं. ओलं.

१२ एप्रिल
पाहिलं. भुरीच. पोटाला ओढणी, ओढणीत माती. मी किंचाळले, तर तिने वर बघून डोळे सावकाश मिटले, मायेने मिटतात तसे. तिला राग नाही. फिसकारली असती, ओरबाडलं असतं, तर मी माफी मागितली असती. ती फक्त बोट चाटते. जीभ गार आहे.

१३ एप्रिल
शेडमागची माती जशीच्या तशी आहे. काशम्मांना सगळं सांगितलं. त्या वर येऊन बसल्या. त्यांना काही दिसलं नाही. उठताना मात्र पदर झटकला, तर करडे केस पडले. "खाली माझ्याजवळ झोपायला ये," म्हणाल्या. ठिपकीला भुरीपाशी सोडून कशी जाऊ?

१५ एप्रिल
ठिपकी भुरीच्या नाकाला नाक लावते. घाबरत नाही. हिला आता कशाचीच भीती नाही. मीच तर —
रात्री कडी लावली होती, तरी सकाळी दार सताड उघडं. ठिपकी बोळाच्या तोंडाशी, कुत्र्यांकडे निघालेली. धावत जाऊन उचलली.

१६ एप्रिल
हिला पुन्हा भ्यायला शिकवायचं. दुसरा उपाय नाही.
पातेलं आपटलं. आली. पाणी फेकलं. आली. चप्पल — हळूच मारली होती — तरी आली. मांडीत चढली.

१७ एप्रिल
शाळेत गेले नाही. आज जोरात. तिचा पाय —
कळवळली. वाटलं, आता पळेल. पळ ना गं. लंगडत आली. डोकं माझ्या गुडघ्याला घासलं.
काशम्मा दार वाजवतायत. त्यांनी ऐकलंय. कडी काढली नाही —

दुपारी
दोघी समोर बसल्यात. घुरघुर एकच येतेय. कुणाची, कळत नाही. हात उगारला. दोघींनी डोळे मिटले, सावकाश.
हातात काठी कधी घेतली, मला —
ठिपकी उठली. शेपूट उभी. येतेय. पळ म्हटलं. पळ. नाहीतर मी तुला —