गुणाची पोर

आई, तुझी नात तान्ही होती तेव्हा भोईवाड्यातल्या आपल्या चाळीत सगळे तिला गुणाची पोर म्हणायचे. शेजारी भांडण होवो, नळावर कल्ला होवो, ती झोपली की झोपली. मलाही त्याचं कौतुक होतं. तुझे जावई माझगावच्या गोदीत, तू गिरणीत वाइंडिंग खात्यात बॉबिनींवर सूत गुंडाळायला, आणि मी दिवसभर खोलीत तिच्या मागे. ती पालथी पडली, बसली, पेटीला धरून उभं राहायला बघू लागली. तू पाळीहून आलीस की मी एकेक सांगायची आणि तू पाय पसरून ऐकायचीस.

मग संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली ती दुपार. गिरण्या बंद, म्हणून तू घरी होतीस. हे सकाळीच मोर्चाला गेलेले. मी खिडकी लावून घेतली आणि खाली नाक्यावर गोळीबार सुरू झाला. मजल्यावरची सगळी पोरं एकदम किंचाळून रडायला लागतात. शेजारीण आपल्या मुलाच्या कानांवर हात दाबून धरते. आणि आपली बाय आमच्याकडे पाठ करून बसलेली, रिकाम्या बॉबिनीशी खेळतेय. पुन्हा गोळ्या सुटल्या. तिची मानसुद्धा हलली नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू तिच्याकडेच बघत होतीस.

संध्याकाळी निरोप आला की ह्यांना पकडून नेलंय. त्या रडारडीत दुसरं काही बोलायचं राहूनच गेलं.

त्यानंतर मी वेडीच झाले. तिच्या पाठीमागे थाळी वाजव, डबा वाजव, कानांत लसणीचं तेल घाल, नवस बोल. एके दिवशी माझ्या हातून पाटा निसटून जमिनीवर आदळला आणि ती गर्रकन वळून हसली. मी ओरडतच गॅलरीत धावले. "आई, ऐकलं तिने! वळली!" तू आत आलीस. तिच्या मागे उभी राहून जोरात टाळी वाजवलीस. काही नाही. मग लाकडी फळ्यांवर पाय आपटलास. ती वळली.

"फळी हलली ती तिच्या अंगाला कळली गो. कानाला नाय."

"असं अभद्र बोलू नकोस."

"मग काय खोटं बोलू? तू मागे थाळ्या बडवत बसलीस नि पोर तिथे एकटी वाढतेय. तिच्या समोर ये आधी."

मी तुझ्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. मग दोघी तिला घेऊन इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त गोड आवाजात. बाहेर पडले तेव्हा समोरून ट्राम येत होती. तिला कडेवर घेऊन मी रुळांच्या दिशेने चालू लागले. तू माझा दंड असा धरलास की पुढे काळानिळा झाला. "चल घरी. तिला भूक लागलीय," एवढंच म्हणालीस. त्यावर आपण दोघी पुन्हा कधीच बोललो नाही.

गिरणीच्या धडधडीत तुम्ही बायका ओठ नि हात हलवून बोलायचात. तशीच तू तिच्यापुढे उकिडवी बसून बोलू लागलीस. भात. पाणी. पडशील. ये. तिने पहिली पावलं टाकली ती तुझ्या हातांकडे बघत. मी चुलीपाशी बसून रडत होते. चालायला लागली म्हणून आनंद होत होता, आणि आता ही रस्त्यावर जाईल, मागून गाडी येईल, मी हाक मारीन, या भीतीने जीव जात होता.

हे सुटून आले तेव्हा ती घरभर फिरत होती. ह्यांची दाढी वाढलेली, अंगावर मांस नाही. दारातूनच हाक मारली, "बाय! ए बाय!" ती मोरीत पाण्याशी खेळत होती, पाठमोरी. ह्यांनी हसत पुन्हा हाक मारली. "बापाला विसरली का गं?"

"तिला ऐकू येत नाही," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघत होतं. हे उंबऱ्यावरच बसले. तू त्यांना मनगटाला धरून उठवलंस आणि तिच्या पुढ्यात नेऊन बसवलंस. तिने त्या परक्या माणसाकडे पाहिलं, आणि ओला हात त्यांच्या तोंडावर ठेवला.

राज्य झालं, पेढे वाटले गेले. तू त्यानंतर फार जगली नाहीस. ती शाळेत गेली, शिवण शिकली, आता दोन मुलांची आई आहे. परवा मी तिला विचारलं, आजी आठवते का? तिचे हात किती वेळ तुझ्याविषयी सांगत राहिले, थांबेचनात.

आई, तुझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. पण तुझा आवाज कसा होता, ते आता आठवत नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही.