भाऊंची सही

ज्योतीरामभाऊ, नमस्कार.

काल चौकशीला अधिकाऱ्याने तुमच्याकडून कोऱ्या कागदावर पाच सह्या करून घेतल्या. परमिटवरच्या सहीशी त्यातली एकही जुळली नाही. परमिटवरची सही मी केलेली होती.

तुम्ही ठेकेदार, राहायला संत तुकाराम नगरला, आणि काम लांब चाकणच्या कंपनीत. उंचीवरच्या कामाच्या परमिटवर रोज सकाळी तुमची सही लागायची. तुम्हीच म्हणालात, "प्रल्हादराव, मारा की माझी सही. कोण बघतंय!" मी सातवी पास, पण कायद्याचं पुस्तक स्वतः वाचलेला माणूस. तुमच्या वतीने सही केली तर तसं लिहून खाली माझं नाव घालायचं असतं, हे मला ठाऊक होतं. तरी नऊ वर्षं घातलं नाही. 'ती'ची वेलांटी मला तुमच्यापेक्षा सुबक जमायची, याचंच कौतुक होतं.

त्या मंगळवारी "सेफ्टी बेल्ट तपासला" या ओळीपुढे मी तुमची सही केली. बेल्ट मी पाहिलाच नव्हता. त्याचा हुक तुटला आणि तो बांधून वर चढलेला आपला कामगार समाधान शेडच्या पत्र्यावरून पडून जागीच गेला.

काल अधिकाऱ्याने विचारलं, "ही सही कोणाची?" मी म्हणालो, "भाऊंची." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "असेल माझीच."

उद्या मी त्यांच्यासमोर तुमची सही करून दाखवणार आहे. ती जुळेल. तिच्याखाली माझं नाव लिहीन. तुम्हाला आधी कळलं तर अडवाल, म्हणून हे पत्र खिशातच राहील.

तुमचा सुपरवायझर,
प्रल्हाद भिवा ओव्हाळ