गल्लीतला खुंटा कोणाचा

आत्याबाई, म्हशीचा खुंटा भर गल्लीत ठोकायची काय गरज होती? घरामागे एवढी जागा पडली होती, बाभळीची सावली होती, पाण्याची टाकी होती, तिथं नाही सुचलं. ठोकला तो दारापुढं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात. बरं, ठोकला तर ठोकला, तो अंजनाच्या लाकडाचा! साधं लाकूड असतं तर एव्हाना वाळवीनं खाल्लं असतं आणि मी सुटले असते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं होऊन गेली, खुंटा जसाच्या तसा आहे. दाव्यानं घासून उलट गुळगुळीत झालाय. आणि त्याच्यापायी आता गावात माझी फजिती चालली आहे, तुम्ही मात्र फोटोत हार घालून बसल्या आहात. सुनेनं सासूला असं विचारू नये म्हणतात. मी विचारते. तुमच्याच हाताखाली शिकले.

दारापुढं म्हैस का बांधायची ते तुम्ही मला एकदा शिकवलं होतं, तेही चारचौघांत. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. कोरीटहून माझा बाप आणि चुलता येणार होते, म्हणून मी दारापुढचं शेण काढलं, सडा टाकला आणि म्हैस नेऊन मागे बांधली. मनात म्हटलं, बापाला दिसू दे पोरगी कशी स्वच्छ घरात पडली आहे. तुम्ही बाजारातून येता, डोक्यावरची पाटी उतरवता, रिकामा खुंटा बघता आणि माझ्या बापासमोर ओरडता, "मांगे काबर बांधी वं? म्हैस काय चोरीनी शे का?" बापानं कपबशीत तोंड घातलं ते वर काढलंच नाही. मी रडले नाही. दात खाऊन म्हैस सोडली आणि पुढं आणून बांधली. मग तुम्ही तिथंच उकिडव्या बसून धार काढायला लागलात. गल्लीतल्या बायका लोटे घेऊन उभ्या होत्या आणि दर लोट्याला तुमचं एकच, "देखी ल्या, मी पानी टाकस का?" बाप गेल्यावर मला म्हणालात, कोपऱ्यात काढलेल्या दुधावर कोणी भरवसा ठेवत नाही, दहा डोळ्यांसमोर काढायचं. पोरगी झाली तेव्हा त्याच म्हशीची वगार माझ्या हातात दिलीत. म्हणालात, ही तुझी, हिचं मादी पारडूही तुझं, ह्या घरात कोणाला विचारायचं नाही. एवढं मोठं मला माझ्या माहेरानंही काही दिलं नव्हतं.

तुम्हाला सांगायचं राहिलं, मी पंचायतीत निवडून आले. बायकांची जागा निघाली. तुमच्या लेकानं माझ्या नावानं फॉर्म भरला आणि मनात धरलं की खुर्चीवर आपण बसू. पहिल्या मीटिंगला माझ्याआधी इस्त्रीचा सदरा घालून तयार! म्हटलं, तुम्ही म्हशीला ढेप घाला, मी जाऊन येते. गाव म्हणालं, चौथी शिकलेली बाई तिथं काय दिवे लावणार? चौथी शिकलेली बाई कागद हळू वाचते, पण शेवटपर्यंत वाचते. बाकीचे सह्या करून चहाला जातात, मी बोट ठेवून वाचत बसते.

जनावरांचा ठराव मीच मांडला. गल्लीत जनावर बांधायचं नाही, पाण्याच्या नळाजवळ तर नाहीच. शेळ्या आपापल्या आवारात, कोंबड्या डालग्याखाली, उकिरडा गावाबाहेर, घरच्या कुत्र्याला सुई टोचून आणायची, मोकाट सुटलेलं जनावर सरळ कोंडवाड्यात. पाळू नका असं कोणी म्हटलेलं नाही. पाळा, पण आपल्या जागेत पाळा, सरकारच्या रस्त्यावर नको. लोक म्हणतात, मेंबर झाली आणि हिला शेणाचा वास यायला लागला. म्हणू देत. मला ठराव का सुचला ते मला माहीत आहे, समोरच्या घराला माहीत आहे, आणि आता तुम्हाला सांगते.

समोरची मोठी सून बाळंतपणात अडली होती. दवाखान्याची गाडी आली आणि गल्लीत शिरता शिरता थांबली, कारण पुढं आपली म्हैस आडवी. मी नंदुरबारला मिरची वाळवतात त्या पथारीवर देठं खुडायला गेलेली, तुमचा लेक शेतात. ही म्हैस तुम्ही बघितलेली नाही. त्या वगारीचीच लेक आहे, पण डोकं कोणाचं घेऊन आली कोण जाणे. माझ्याशिवाय कोणाचा हात अंगाला लागू देत नाही. लोकांनी चारा दाखवला, काठी दाखवली, दावं कापायला एकजण पुढं गेला तर त्याच्यावर शिंगं रोखली. शेवटी पोरीला खाटेवर घातलं आणि म्हशीच्या मागून, भिंतीला घासत, चौघांनी गाडीपर्यंत नेलं. बाळ-बाळंतीण नीट घरी आले. दुसऱ्या दिवशी तिची सासू नेहमीसारखी लोटा घेऊन माझ्याकडं आली. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं दूध घेतलं, पदरानं झाकलं आणि जाता जाता म्हणाली, "धाकलीले बी आठवा लागना वं." म्हणजे धाकट्या सुनेला आठवा महिना. मी त्याच हप्त्यात ठराव लिहून दिला.

मागच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवला. ज्याच्या दारात दोन बैलजोड्या बांधलेल्या असतात तो म्हातारा उठला आणि म्हणाला, "मेंबरबाई, गल्लीमा पयला खुंटा तुमनाच शे. त्यानं काय?" सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. आणि मी, आत्याबाई, मी म्हणाले, "तो मन्हा नही. मन्ही सासूनी ठोकेल शे. ती गई, आते कोनले इचारू?"

बस. म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "मंग मन्हा बी बापनी ठोकेल शे!" दुसऱ्यानं आजा काढला, तिसऱ्यानं पणजा. बायका मागे राहतात होय? एक म्हणाली, शेळ्यांचा खुंटा नणंदेनं ठोकलाय, ती नांदायला गुजरातला आहे, पत्ता देते, नोटीस तिकडं पाठवा. घटकाभरात गावातल्या एकूण एक खुंट्यांचे मालक स्मशानात जाऊन बसले. ग्रामसेवक पेन उचलून म्हणाला, "ताई, नोटीस कोणाच्या नावानं काढू?" सभा खदखदून हसली. लाज वाटायची सोडून मीही हसले. माझा ठराव माझ्याच तोंडानं बुडाला. पुढची सभा ह्या शुक्रवारी आहे. तेव्हाही असाच बुडाला तर गल्ली आहे तशी राहील, आणि समोरची धाकटी दिवस मोजते आहे.

आता खरं लिहिते. मुलीच्या जुन्या वहीत लिहिते आहे आणि हे पत्र कुठं टाकणार नाही, पेटीत टाकलं तर पोस्टमन मला वेडी म्हणेल. तुमचा खुंटा गल्लीत नव्हताच. तो ओट्याला चिकटून होता, म्हैस ओट्याच्या कडेनं उभी राहायची आणि बाजूनं भरलेली बैलगाडी आरामात निघून जायची. तुम्ही गेल्यावर मी ओटा वाढवला. सिमेंटचा केला, वर फरशी, मोटारसायकल चढवायला उतार. तुमचा खुंटा मध्ये येत होता. तुम्ही सांगायचात, खुंटा उपटला की घर उठतं. मी गवंड्याला म्हटलं, उपट. त्यानं पहारीनं काढला आणि मी माझ्या हातानं तीन हात पुढं, गल्लीत ठोकला. घर उठलं नाही, म्हैस आटली नाही. आणि सभेत ढकललं तुमच्यावर, कारण मेलेलं माणूस उलटून बोलत नाही. तुम्ही त्या सभेत बसलेल्या असतात तर माझी जीभ उचलली नसती.

शुक्रवारी मी उभी राहून हे सगळं सांगणार आहे. म्हाताऱ्याला हसायचं ते हसू दे. सांगून झालं की सभेला घेऊन दारात येणार आणि सगळ्यांसमोर खुंटा उपटणार, मग बघते कोणाचा पणजा आडवा येतो. म्हैस मागे जाईल. मागच्या कुंपणाला मी रुंद तोंड पाडून घेतलंय, धारेच्या वेळी बायकांनी आत यावं आणि समोर उभं राहून बघावं. तेवढी तुमची शिकवण मी सोडलेली नाही.

एकच अडलंय. मागे तुमचाच खुंटा ठोकू, की बाभळीचा नवा करून घेऊ? एकदा मी तुम्हाला न विचारता तो हलवला. आता विचारते आहे. गुरुवारच्या सकाळच्या धारेपर्यंत उत्तर पाहिजे, त्यानंतर आलेलं मी धरणार नाही.